जुन्या मिलिंगला नव्या मोटारी

व्यापाऱ्याच्या घरात माल खरेदीचा निर्णय रोज होतो. यंत्र खरेदीचा निर्णय पिढीत एकदा-दोनदाच होतो. माल पडून राहिला तर चार पैसे कमी घेऊन तो काढता येतो. यंत्र चुकले तर हप्ता, वीजबिल आणि अडलेली जागा यांचे ओझे वर्षानुवर्षे वाहावे लागते. कोल्हापुरातील एका बेअरिंग-व्यापारी कुटुंबापुढे जुन्या मिलिंग मशीनचे काय करावे हा प्रश्न आला, तेव्हा सर्वांनाच या गोष्टीची जाणीव होती.

या कुटुंबाची पेढी शाहूपुरीत आहे. आजोबांनी दुकानाला जोड म्हणून शिवाजी उद्यमनगरात एक छोटी यंत्रशाळा सुरू केली होती. दोन लेथ, एक ड्रिलिंग आणि एक मिलिंग एवढाच तिचा पसारा. पंपांच्या झडपांची बिडाची कवचे तेथे वर्षानुवर्षे तासली जात. मिलिंगवर एकच मिस्त्री एकतीस वर्षे काम करीत होता. अलीकडे मुख्य ग्राहकाने निरोप धाडला, की यापुढे प्रत्येक कवचावरील भोके एकमेकांशी जुळलेली हवीत, नग तीनशेचे असोत वा तीन हजारांचे, आणि काम सीएनसीवरच झालेले हवे. हे काम गेले असते तर यंत्रशाळेला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

नव्या मशीनचे कोटेशन तेवीस लाखांचे आले. वडिलांनी कर्जाच्या हप्त्यांचा आकडा मांडला आणि कागद घडी घालून ठेवून दिला. मुलगा अभियांत्रिकी शिकून नुकताच पेढीवर बसू लागला होता. तो म्हणाला, "अण्णा, आपल्या मशीनचे बीड चांगले आहे. हातचाके काढून मोटारी बसवू. मेंदू नवा, शरीर जुने."

ही कल्पना नवखी नव्हती. अंकीय नियंत्रणावर चालणारे पहिले मिलिंग मशीन १९५२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने जगाला दाखविले, तेही मुळात कारखान्यात वापरले जाणारे एक सिनसिनाटी हायड्रो-टेल मशीनच होते. त्याला निर्वात नळ्यांची नियंत्रणपेटी जोडली होती आणि आज्ञा छिद्रे पाडलेल्या फितीवरून दिल्या जात. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक यावेत या जॉन पार्सन्स यांच्या खटपटीतून ते काम उभे राहिले. म्हणजे सीएनसीचा जन्मच जुन्या यंत्राच्या रूपांतरातून झाला आहे. एवढे सांगून मुलाने अण्णांचे मन अर्धे वळविले. उरलेले अर्धे हिशेबाने वळायचे होते.

आधी बीड, मग मोटार

मोटारींची कॅटलॉग पाहण्यापूर्वी मिस्त्रींनी डायल गेज लावून मशीन तपासले. स्पिंडल हातांनी ढकलून बेअरिंगमधील सैलपणा पाहिला, जिब आवळून टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखेच जड चालते का हे पाहिले. मधल्या भागात मार्ग थोडे झिजले होते, पण ते घासून सुधारण्याजोगे होते. जुन्या स्क्रूत आणि नटात मात्र तीन दशांश मिलीमीटरचा प्ले निघाला. हाताने काम करणारा कारागीर हा प्ले मनात धरून चाक फिरवितो, नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. मोटारीला ते भान नसते. शिवाय कटर टेबलाच्या चालीच्याच दिशेने कापू लागला, तर सैल नटामुळे तो टेबलाला झटक्याने ओढून घेतो आणि जॉब किंवा कटर यांपैकी एक हमखास जातो.

म्हणून तिन्ही अक्षांना बॉल स्क्रू बसविण्याचे ठरले. साध्या स्क्रूत फिरविण्याच्या जोरापैकी निम्म्याहून अधिक घर्षणात जातो, तर बॉल स्क्रूत सुमारे नव्वद टक्के जोर कामी येतो. अण्णांचा व्यवसायच बेअरिंगचा. गोळ्यांवर चालणाऱ्या नटाचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्याचा दुसरा परिणाम मात्र त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात आला नाही.

स्टेपर की सर्व्हो

मोटारींचे दोन पर्याय समोर होते. स्टेपर मोटार स्वस्त. तिच्या एका फेरीत २०० पावले असतात आणि ड्राइव्हने धाडलेल्या प्रत्येक स्पंदनाला ती ठरलेले अंतर चालते. पाच मिलीमीटर चालीच्या स्क्रूवर एक पाऊल म्हणजे ०.०२५ मिलीमीटर. हळू चालताना तिचा जोर उत्तम असतो. वेग वाढला की गुंडाळीतील प्रवाह वेळेत चढत नाही आणि जोर उतरू लागतो. ड्राइव्हला अधिक व्होल्टेज दिल्याने ही उतरण लांबते, थांबत नाही.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "ती पोहोचली की नाही हे कोण सांगतो?"

"कोणी नाही," मुलाने कबूल केले. "साध्या स्टेपरकडून पोच पावती येत नाही. अडकली तर एका वेळी चार पावले हुकतात, म्हणजे एक दशांश मिलीमीटर. पुढची सगळी भोके तेवढ्याने सरकतात आणि मशीन खुशाल चालत राहते."

सर्व्हो मोटारीच्या पाठीशी एन्कोडर असतो. ती प्रत्येक क्षणी आपली जागा ड्राइव्हला कळविते. सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष जागेतील फरक मर्यादेपलीकडे गेला, की ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो. जिथे कवच आपलेच, लाकूड वा अॅल्युमिनियम कापायचे आणि घाई नाही, तिथे स्टेपर पुष्कळ झाली. इथे मात्र बिडाची कवचे ग्राहकाची होती आणि बिघडलेल्या प्रत्येक नगाची भरपाई पेढीला करावी लागणार होती. पोच पावतीचे पैसे मोजणे अण्णांना रास्त वाटले.

जोराचा जमाखर्च

कोणत्या ताकदीची सर्व्हो, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता मुलाने वहीच्या पानावर मांडले. वीस मिलीमीटरचा कटर मिनिटाला ४८० फेऱ्यांनी फिरला, तर त्याची धार सेकंदाला अर्धा मीटर चालते. स्पिंडलची एक किलोवॅट शक्ती त्या धारेवर खर्च झाली, तर रेटा २००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०४ किलोचा येतो. टेबल, शिकंजा आणि जॉब मिळून ३०० किलो धरले आणि तेल घातलेल्या मार्गांचे घर्षण पंधरा टक्के धरले, तर आणखी ४५ किलो. एकूण गरज अडीचशे किलोच्या आसपास.

आता जमेची बाजू. ७५० वॅटच्या सर्व्होचा सततचा जोर सुमारे २.४ न्यूटन-मीटर असतो. पाच मिलीमीटरच्या बॉल स्क्रूवर त्यातून सुमारे २७५ किलोचा रेटा मिळतो. गरज भागते, पण शिल्लक नगण्य. म्हणून मोटारीवर लहान आणि स्क्रूवर दुप्पट दातांची पुली घालून टायमिंग बेल्ट जोडायचे ठरले. रेटा जवळपास दुप्पट झाला. मोटारीच्या ३००० फेऱ्यांना स्क्रूच्या १५०० होऊन सर्वाधिक वेग मिनिटाला साडेसात मीटरवर आला. एवढ्या लहान टेबलाला तो भरपूर होता. दोन हजार वॅटची मोटार सुचविणाऱ्या विक्रेत्याला अण्णांनी हे पान दाखविले. त्याने मुकाट्याने दर बदलले.

मस्तकाचे वजन

खरा पेच उभ्या अक्षावर आला. या मशीनचे मस्तक खांबावरून वर-खाली सरकते आणि त्याचे वजन दोनशे किलोंच्या घरात आहे. खांबाच्या पोकळीत साखळीला टांगलेला समतोलाचा ठोकळा आजोबांच्या काळापासून होता. मोटारी बसविणाऱ्या कंत्राटदाराने तो काढून टाकण्याचे सुचविले. ठोकळ्यामुळे जलद हालचालीत साखळीला हिसके बसतात, मोटार पुरेशी सशक्त आहे, असे त्याचे म्हणणे. दरपत्रकात उभ्या अक्षाची मोटारही बिनब्रेकची होती, कारण ब्रेकची मोटार महाग पडते.

कागदावर सारे सुरळीत दिसत होते. मिस्त्री मात्र नव्या बॉल स्क्रूचा नट हातात घेऊन बसले होते. त्यांनी स्क्रू उभा धरला. नट आपोआप फिरत खाली आला.

"मालक," ते म्हणाले, "जुना स्क्रू असा घसरत नव्हता. चालू कामात लाईट गेली, आणि माझा हात कटर बदलायला खाली असला, तर?"

यंत्रशाळेत काही क्षण कोणी बोलले नाही. साधा स्क्रू घर्षणाने स्वतःलाच धरून ठेवतो. बॉल स्क्रू ज्या गुणासाठी आणला, त्याच गुणामुळे तो भार सोडून देतो. वीज असेपर्यंत सर्व्हो मस्तक पेलते. वीज गेली की दोनशे किलो खाली येतात.

मुलाने लगेच ब्रेकच्या मोटारीचा पर्याय काढला. या ब्रेकला २४ व्होल्ट मिळाले तर तो सुटतो आणि वीज जाताच स्प्रिंगच्या जोराने धरतो. तो चालती मोटार थांबविण्यासाठी नसून थांबलेला भार धरण्यासाठी असतो. मिस्त्रींनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. "ब्रेक मोटारीवर, आणि मोटार पट्ट्यावर. पट्टाच तुटला तर ब्रेक काय धरणार?"

प्रश्न बिनतोड होता. त्या संध्याकाळी अण्णांनी निर्णय दिला: ब्रेकची मोटार घ्यायची, शिवाय ठोकळाही ठेवायचा, साखळी नवी घालायची. मस्तक ठोकळ्यापेक्षा किंचितच जड राहील आणि उभ्या अक्षाचा वेग मिनिटाला तीन मीटरवर बांधला जाईल. दर नगामागे काही सेकंद अधिक लागतील, हे मुलाने निदर्शनास आणले. अण्णा म्हणाले, "ते सेकंद माझ्या खात्यावर टाक. हा हात एकतीस वर्षे आपल्या घरासाठी राबला आहे."

कंत्राटदार नाखूश झाला, पण काम सोडून गेला नाही.

पेटीतील शिस्त

मोटारी ठरल्यावर विजेच्या पेटीचा विषय निघाला. संगणकावर चालणाऱ्या नियंत्रण-प्रणालींचा मुलाला मोह होता. त्यांतील लिनक्ससीएनसी विनामूल्य आहे आणि तिचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रकल्पात आहे. तरीही स्पंदनांचा हिशेब पाहावा लागतो. मोटारीच्या फेरीला १०,००० स्पंदने ठेवली आणि ती मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवायची म्हटली, तर सेकंदाला पाच लाख स्पंदने लागतात. संगणकाच्या साध्या पोर्टला ते झेपत नाही. ड्राइव्हमध्ये फेरीला २००० स्पंदने ठेवली तर एक लाख पुरतात आणि दुप्पट पुलीमुळे एका स्पंदनाला मिलीमीटरचा सुमारे आठशेवा भाग मिळतो. मशीनची खरी अचूकता त्याहून कमीच असते. अखेर स्वतंत्र कंट्रोलर घेतला, कारण रात्रपाळीत संगणक अडला तर त्याची उस्तवार करणारा माणूस यंत्रशाळेत नव्हता.

स्पिंडलची जुनी थ्री-फेज मोटार तशीच ठेवून तिला व्हीएफडी जोडला. गियर काढले नाहीत. वेग फार उतरविला की मोटारीचा पंखाही मंदावतो आणि ती तापते, म्हणून हळू आणि जड कामासाठी गियरच बरे. व्हीएफडीची केबल जाळीच्या आवरणाची घेतली आणि एन्कोडरच्या तारांपासून दूर नेली. सर्वांचे अर्थिंग एकाच पट्टीवर आणले. लिमिट स्विच असे जोडले की एरवी त्यांतून प्रवाह वाहत राहावा. मग उंदराने तार कुरतडली तरी मशीन थांबते, भरकटत नाही. लाल बटण कंट्रोलरच्या मर्जीवर न ठेवता थेट रिलेतून ड्राइव्हची वीज तोडणारे केले. या साऱ्या गोष्टी दरपत्रकाच्या शेवटच्या ओळींत असतात आणि काटछाट तेथूनच सुरू होते. अण्णांनी त्या ओळींना हात लावला नाही.

पहिली पन्नास कवचे निघाली तेव्हा मिस्त्रींनी प्रत्येक भोक स्वतः मोजले. जी-कोडची अक्षरे त्यांना अजून अनोळखी होती, पण आवाजावरून कटर बोथट झालेला ते कंट्रोलरच्या आधी ओळखत. मुलगा आज्ञा लिही, खोली आणि चाल मिस्त्री सांगत. खर्चाची बेरीज नव्या मशीनच्या एक तृतीयांशाहून कमी झाली, आणि बीड घासणे, बॉल स्क्रू, पेटी यांचा वाटा मोटारींहून मोठा निघाला. रूपांतराचा विचार करणाऱ्या घरांनी हे प्रमाण आधीच ध्यानी घ्यावे. केवळ मोटारींचे दर विचारून अंदाज बांधला तर तो अर्ध्यावरच तुटतो.

ड्राइव्हची कंपनी निवडतानाही अण्णांनी गावात तिचा साठा कोणाकडे असतो हेच प्रथम विचारले होते. मुलाने सगळ्या ड्राइव्हमधील आकडे वहीत उतरवून घेतले. आज शाहूपुरीच्या दुकानात बेअरिंगच्या खोक्यांमागे एक कोरा ड्राइव्ह आणि दोन टायमिंग बेल्ट ठेवलेले आहेत. त्यावर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: विक्रीसाठी नाही.