शिराज सुकायला लागला की



काल शिराजचा शेवटचा क्रेट वायनरीला गेला. ब्रिक्स 24 लागला, तिकडची माणसं खूश. काट्यावर मी मात्र गप्प. दहा दिवसांपूर्वी टपोरे असलेले मणी सुरकुतले होते. पाणी कमी पडलं म्हणून नाही, ही जातच तशी. गोडी भरत आली की शिराजचा मणी पाणी सोडतो, वजन घटतं आणि आहे तीच साखर दाट होते. थॉमसन पिकवणाऱ्याला हे पटत नाही. मीही पहिल्या वर्षी ड्रिपचे तास वाढवून बसलो होतो. मणी काही फुगले नाहीत.

किलोवर पैसे मिळणाऱ्याला हे चार-पाच दिवस महागात पडतात. म्हणून या वेलीला दुसरीकडं कसं वागवतात ते वाचायला लागलो.

मूळ गाव फ्रान्स, ऱ्होन नदीचं उत्तरेकडचं खोरं. तिथं हिला सिराह म्हणतात. इराणच्या शिराज शहरातून आली ही नुसती गोष्ट. 1998 मध्ये डीएनए तपासणीत आईबाप दोन्ही फ्रान्सचेच निघाले. एर्मिताजची टेकडी ग्रॅनाइटची, चढ असा की ट्रॅक्टर नाही, हातानंच तोडणी. तिथल्या वाईनला काळ्या मिऱ्याचा वास येतो. तो देणारा रोटंडोन खऱ्या मिऱ्यातही असतो आणि थंड हवेत, सावलीतल्या घडात जास्त टिकतो.

1832 मध्ये जेम्स बस्बीनं काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या. बारोसाच्या कोरड्या उन्हात तीच जात काळीभोर, जाड, पिकल्या फळाच्या चवीची झाली. तिथं काही बागा शंभर वर्षांच्या वर, त्याही स्वतःच्या मुळावर, कारण फायलोक्सेरा तिथं पोचलाच नाही. हंटर खोरंही गरमच, पण तोडणीच्या दिवसांत पाऊस गाठतो म्हणून लवकर तोडतात, आणि वाईन हलकी होते. म्हणजे चव नुसत्या जमिनीची नाही, तोडणीच्या तारखेचीही आहे.

आता आपलं बघा. फ्रान्समध्ये मण्यात पाणी उतरतं ऑगस्टात, पिकतात सप्टेंबरात, हवा थंड होत जाताना. आपल्याकडं नेमकं उलटं. जानेवारीच्या थंडीत रंग भरतो आणि पिकताना ऊन चढत जातं. आम्लता झपाट्यानं उतरते, पीएच वर, मणी अजून सुकतो. माझी छाटणी 4 ऑक्टोबरची, तोडणी मार्चमध्ये. चूक तिथंच होती.

लवकर छाटावं तर परतीचा पाऊस आणि डाऊनी. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बागेत घड फुलोऱ्यातच गेले, ते डोळ्यांसमोर आहे. तरी येत्या सप्टेंबरात अर्धा प्लॉट 10 तारखेच्या आत छाटणार. निचऱ्याचा, वरच्या अंगाचा, जिथं पान लवकर वाळतं तो. खालचा भारी काळ्या जमिनीचा भाग ऑक्टोबरलाच राहू दे.

आणि करार नवा करताना एक गोष्ट मांडणार आहे: 22 च्या पुढं थांबवायचं असेल तर दर त्या हिशोबानं द्या. मागच्या वेळी विचारलं तेव्हा चहा पाजला आणि विषय बदलला.