मधला स्पीकर

चालू केला की तीन-चार सेकंदांत आतून 'टक्' असा आवाज यायचा आणि होम थिएटरचा रिसिव्हर बंद पडायचा. समोरच्या काचेवर 'प्रोटेक्ट' ही अक्षरं क्षणभर उमटायची. गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. चार दिवस पावसाची झड लागलेली, आणि बाबा दिवाणावर बसून माझ्याकडे बघत होते. टीव्हीचा स्वतःचा आवाज त्यांना पुरत नाही. कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं यंत्रांच्या खडखडाटात गेली, कान उतरले ते उतरलेच. म्हणून आमच्याकडे होम थिएटर ही हौस नाही. पाच स्पीकरांतला मधला मुख्यतः संवादांसाठी असतो. तो वाजला, तर बाबा आमच्याबरोबर बसून बघतात. नाही वाजला, तर आतल्या खोलीत जाऊन पडतात.

हा संच मी २०१२ साली लॅमिंग्टन रोडवरून आणला. ग्रँट रोडला भर दुपारी गाडीत बसलो, कारण संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये तो खोका घेऊन शिरणं अशक्य. आमचं घर नालासोपाऱ्यात, आचोळे रोडला, तळमजल्यावर. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, लाईट गेली, तेव्हा घरात गुडघाभर पाणी होतं. सबवूफर भिजून गेला. रिसिव्हर बायकोनं आणि मी वेळेत माळ्यावर चढवला म्हणून वाचला. पाणी ओसरल्यावर त्याला टीव्हीच्या वरच्या कपाटात जागा केली. तिथवर वायरी पुरेनात, तेव्हा तुकडे जोडून वर टेप गुंडाळली.

ऑगस्टमध्ये हे काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला, "बोर्ड गेला, बदलावा लागेल." मला ते पटेना. न बघता बोर्ड गेला हे कळणार कसं?

पहिला संशय उष्णतेवर. कपाट तिन्ही बाजूंनी बंद, वर जेमतेम चार बोटं जागा. पण रात्रभर बंद असलेला थंडगार रिसिव्हर सकाळी तीन सेकंदांत कसा तापेल? म्हणजे हे कारण नव्हे. (कपाटाची मागची फळी मी नंतर काढलीच. या यंत्राला वरून मोकळी हवा लागते.)

मग प्लग काढला आणि मागच्या सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या. झाकण उघडलं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तिथे माहिती नसलेल्यानं बोट घालू नये. नुसता रिसिव्हर चालू केला. पाच सेकंद, दहा सेकंद, मिनिट झालं. तो चालूच राहिला. मला इतका आनंद झाला की मी बाबांना हात करून दाखवला. बोर्ड ठणठणीत होता. बाहेर कुठेतरी शॉर्ट होत होता, प्रवाह वाढला की आतला रिले सुटून यंत्र स्वतःला वाचवत होतं. 'टक्' तो त्या रिलेचा.

आता एकेक वायर लावायची, दर वेळी आधी बंद करून. समोरचे दोन, मधला, मागचा डावा, सगळे ठीक. मागचा उजवा लावला आणि टक्. मल्टिमीटर घेतला. सुट्या टोकांवर बाकीचे स्पीकर पाच-सहा ओहम दाखवत होते, हा शून्याच्या आसपास. पलीकडून स्पीकरच काढून टाकला, तरी शून्य. म्हणजे स्पीकरही निर्दोष, दोष वायरीत. बोटानं चाचपत वायरीच्या मागे गेलो. खिडकीखाली, जिथे दर पावसाळ्यात भिंत ओल धरते, तिथे माझा २०१८ चा सांधा होता. टेपचा गोंद वितळून काळा चिकटा झालेला, टेप सैल सुटलेली. दोन्ही तारांचे पीळ मी अगदी शेजारीशेजारी दिले होते. तांबं हिरवं पडलेलं, आणि केसाएवढी एक तार या पिळातून निघून त्या पिळाला टेकलेली.

त्या दिवशीच दुकानातून अखंड वायर आणली आणि मध्ये एकही सांधा ठेवला नाही.

भिजलेल्याच्या जागी घेतलेल्या नव्या सबवूफरमधून घूं-घूं येत होती, तिचं कारण मात्र वेगळं होतं. ती रिसिव्हरमधून येतच नव्हती. सेट टॉप बॉक्सची केबल उपटली की एकदम शांत. केबलवाल्याच्या तारेतून आणि आमच्या प्लगमधून असं दोन वाटांनी अर्थिंग जुळलं, की विजेची ५० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. पुष्कळ जण प्लगची जाड पिन तोडून ती थांबवतात. कृपा करून तसं करू नका. ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे. केबलच्या तारेत बसवायचा आयसोलेटर मिळतो, तो लावला आणि घूं-घूं गेली.

दिवाळीत नवा टीव्ही आला आणि मधला स्पीकर मुका झाला. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन पडले, तेव्हा मला कळलं. एचडीएमआयची केबल भलत्याच खोबणीत होती; टीव्हीचा आवाज उलट रिसिव्हरकडे नेणारी खोबण एकच, 'एआरसी' लिहिलेली. तिथे लावल्यावर आवाज आला, पण समोरच्या दोनच स्पीकरांतून. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर होतं, म्हणजे पाचांचा आवाज दोनांत कोंबून पाठवला जात होता. ते 'ऑटो' केलं. जुन्या, दोनच वाटांच्या आवाजासाठी रिसिव्हर 'स्टिरिओ'वरून काढून सराउंडवर ठेवला, आणि मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलनं वाढवली.

मग 'सामना' चित्रपट लावला. विजय तेंडुलकरांचे संवाद, निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर. एकाच वाटेचा जुना आवाज, त्यामुळे जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरमधून येत होता. बाबा बाहेर आले, दिवाणावर टेकले, हळूहळू पुढे सरकले. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला तशी त्यांनी मान वळवली.

"अरे, तिला म्हणावं दोन मिनिटं थांब. हे काय म्हणतोय ते ऐकू दे."

मी उठून मिक्सर बंद करायला गेलो.