वेरमणी म्हणजे काय?

गेल्या वर्षावासात कोपरगावच्या आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन संपलं आणि सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “दादा, वेरमणी म्हणजे काय?” मी समाजशास्त्रात एम.ए. केलेलं. पंचशील लहानपणापासून तोंडपाठ. उत्तर मात्र आलं नाही. अर्थ न कळता पोथ्या म्हणणाऱ्यांना आपण हसतो. त्या दिवशी मी त्यांच्याच रांगेत होतो.

पालि शिकायचं ठरवलं. रोज पहाटे विभक्तीचे तक्ते घोकले. महिन्याभरात पुस्तक कपाटात गेलं. मग मोबाईलवर नुसत्या गाथा ऐकू लागलो. मनाला छान वाटायचं, कळायचं काहीच नाही.

शेवटी मुलांसोबत बसलो. तोंडपाठ असलेल्या पंचशीलातला रोज एक शब्द फोडायचा. पाण म्हणजे प्राण, अतिपात म्हणजे घात. वेरमणी म्हणजे परावृत्त होणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम; कुणाची आज्ञा नव्हे, आपण होऊन स्वीकारलेला. हत्थचा हात, कण्णचा कान, अग्गिची आग झालेली दिसली की मुलं खूश! पुढे विभक्ती घोकाव्या लागल्याच, पण कशासाठी ते आता माहीत होतं.

काही कार्यकर्ते म्हणतात, आपलं शिकणं हा संघर्ष आहे, मजा ही चैन आहे. मला हे पटत नाही. अस्पृश्य म्हणून बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली गेली, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतः शिकले. पालि व्याकरण आणि शब्दकोशावर त्यांनी केलेलं काम शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात छापलं. इतकं काम नुसत्या ईर्ष्येवर होत नाही, त्याला भाषेची गोडी लागते.

बोधीची सात अंगं आठवा. तिसरं विरिय, म्हणजे परिश्रम. लगेच चौथं पीति, म्हणजे आनंद. परिश्रम करणाऱ्याच्या मनात आनंद उपजतो, असा हा क्रम आहे. आनंदाची वाट पाहत बसलो तर भाषा येत नाही. आनंद नाकारला तर ती टिकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसोबत पालिलाही अभिजात दर्जा मिळाला. आपण स्टेटस ठेवले. मित्रांनो, आता येत्या पौर्णिमेला आपापल्या विहारात एक तरी शब्द फोडा. लेकरांनी विचारण्याआधी.

नमो बुद्धाय! जय भीम!