साडेपाच तास पुढे

'तू पाठवलेल्या फाइलमध्ये तिचं खरं नाव आहे. ठेवायचंय का?' सकाळी साडेनऊला एडिटरचा फोन आला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

नाव ठेवायचं नव्हतंच! बॉसविरुद्ध तक्रार करणाऱ्या त्या मुलीने बोलण्याआधी एवढी एकच अट घातली होती. रात्री अकराला मी लेखातून तिचं नाव काढलं, मगच झोपले. मग गेली कुठली फाइल?

फोल्डर उघडला. दोन ड्राफ्ट. नाव काढलेला रात्री अकराचा आणि नाव असलेला चक्क पहाटे अडीचचा. अडीचला मी घोरत होते. सकाळी घाईत 'सगळ्यात नवीन' म्हणून मी नेमका तोच उचलला होता.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात. जुना ड्राफ्ट लिनक्सवरचा, रात्री नऊचा, नेट बंद असताना लिहिलेला. गल्लीतला रिपेअरवाला म्हणाला, 'मॅडम, सेल गेला.' मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा बटणाएवढा सेल असतो, मशीन बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. पण सेल गेला की तारीख थेट काही वर्षं मागे जाते. माझं घड्याळ पुढे होतं, तेही बरोब्बर साडेपाच तास. हा आकडा भूगोलात पाठ केलाय की! ग्रीनिच आणि आपल्यातला फरक.

विंडोज त्या आतल्या घड्याळात इथली वेळ लिहितो. लिनक्स तीच ग्रीनिचची समजतो आणि वर साडेपाच तास मिळवतो. नेट असतं तर त्याने वेळ स्वतःच दुरुस्त केली असती (मग विंडोज साडेपाच तास मागे पडला असता, तो भाग वेगळा).

नेट लावून आधी वेळ बरोबर होऊ दिली, मग टर्मिनलमध्ये एकच ओळ: 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'. यावर लिनक्स कुरकुरतो, कारण उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांत याने घोळ होतो. आपल्याकडे ती भानगड नाही. विंडोजलाच ग्रीनिचची वेळ पाळायला लावणं जास्त शिस्तीचं, पण त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. तेवढी हिंमत नव्हती.

पान छापायला गेलं नव्हतं, नाव निघालं. त्या मुलीला हे सांगायला मात्र मला तीन दिवस लागले. फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'आता गेलीय ती फाइल मला पाठव. मी स्वतः बघते.'