कमरपट्टा हवा की नको?

इंजिनालाही कमरपट्टा असतो. इंग्रजीतून आलेलं नाव गर्डल, अर्थ अगदी तोच. आमच्या घरात हा शब्द गेल्या वर्षी दोन महिने इतका गाजला की आईने एकदा विचारलं, "दादाचं लग्नबिग्न ठरलंय का रे?" :-)

दादा म्हणजे पोलादपूरचा माझा मामेभाऊ. त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे आणि एक जुनी जिप्सी आहे. १३०० सीसी, पेट्रोल, एमपीएफआय. दिवसा उमरठच्या बाजूच्या वाड्यांवर पोती पोचवायची आणि रात्री-अपरात्री कुणाचा फोन आला की पेशंटला घेऊन महाड गाठायचं. ही दुसरी ड्यूटी त्याला कुणी दिलेली नाही, पण ती आहे.

२२ जुलै २०२१ ला ही जिप्सी ब्रेकच्या कामासाठी महाडच्या एका गॅरेजात उभी होती. त्या दिवशी २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला. सावित्री उगम पावते ती तिथेच. सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळियेत डोंगर घरांवर आला, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत तेच झालं. त्यापुढे गाडीचं दुःख ते काय? दादाने विषयच काढला नाही. गाडी ओढून आणली आणि अंगणात ताडपत्रीखाली तीन पावसाळे काढले तिने.

शेवटी इंजिन उघडलं. चेंबरमध्ये ऑइलऐवजी चिखलाचा थर. पाणी उतरल्यावर कुणीतरी उत्साहात स्टार्टर मारून पाहिला असणार, कारण एक कनेक्टिंग रॉड किंचित वाकला होता. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, मग रॉड देतो. (जाता जाता: साध्या कार इन्शुरन्समध्ये हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. कोकणात गाडी असेल तर आपली पॉलिसी आजच काढून वाचा.)

आता खोललंच आहे तर गर्डल पण टाकून घे, असं दादाच्या पुण्याच्या एका ऑफरोडवाल्या मित्राने सुचवलं. प्लेट, लांब स्टड आणि मशीनिंग मिळून ३५,००० च्या आसपास. दादाने मला फोन केला, कारण मी मेकॅनिकल इंजिनीअर. सहा वर्षं जावा लिहितोय ही गोष्ट घरचे सोयीस्करपणे विसरतात.

गर्डल करतो काय? या इंजिनात चार सिलिंडर आणि क्रँकला पाच मेन बेअरिंग. प्रत्येक बेअरिंगची कॅप सुटी, खालून बोल्टने आवळलेली. क्रँक फिरताना या कॅपना सतत खाली आणि आडवं ढकलत असतो. गर्डल म्हणजे सगळ्या कॅपना एकत्र बांधणारी जाड स्टीलची प्लेट, म्हणजे कुणी एकटी हलणार नाही. कल्पना उत्तमच. होंडाच्या बी-सिरीजमधल्या व्हीटेक इंजिनांत ती कंपनीनेच दिली होती, पण ती इंजिनं आठ हजार आरपीएमच्या घरात पळायची.

आणि मुद्दा इथेच आहे. पिस्टन-रॉडच्या वजनाने येणारा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. सहा हजारांचे साडेसात हजार केले तर भार दीडपटीहून जास्त. उलट चार हजारांवर तो सहा हजारांच्या निम्म्याहूनही कमी. पोती लादलेली जिप्सी दादा चार हजारांपुढे नेत नाही. कंपनीने जास्तीत जास्त पॉवर सांगितलीय ती सहा हजारांवर, म्हणजे कॅपना तेवढं झेपतंच.

शिवाय प्लेट आवळली की कॅपवरचा ताण बदलतो, बेअरिंगची भोकं गोल राहतीलच असं नाही, म्हणून लाइन बोअरिंग पुन्हा करावं लागतं. बेअरिंग आणि क्रँकमधली फट मिलिमीटरचे दोन-चार शतांश! त्यात या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा. तापल्यावर तो स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो आणि प्लेट मात्र स्टीलची. चांगलं चाललेल्या कोडमध्ये 'हात लागलाच आहे तर' म्हणून केलेले बदल ज्यांनी निस्तरलेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

पण हे सगळं फोनवरचं तत्त्वज्ञान. शनिवारी पुण्याहून वरंधा घाटाने महाडला उतरलो तेव्हा मिस्त्रींनी एका वाक्यात काम केलं. "कॅप हलत असती तर खुणा दिसल्या असत्या ना साहेब." कॅप ब्लॉकवर जिथे टेकते तो पृष्ठभाग हलून हलून घासला की तिथे चकचकीत, खरवडल्यासारखे डाग पडतात. पाचही कॅप उलट्या करून उन्हात धरल्या. १,४०,००० किलोमीटर चाललेलं इंजिन, आणि मशीनिंगच्या मूळ रेघा जशाच्या तशा. प्रॉडक्शनचे लॉग इतके स्वच्छ मी आमच्या प्रोजेक्टमध्ये कधी पाहिलेले नाहीत.

मला वाटलं, संपला विषय. दादा म्हणाला, "सावित्रीचा पूलपण मे महिन्यात बघितलाच होता."

यावर काय बोलणार? १९२८ चा तो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसट्यांसकट गेला. त्या वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि धोका नाही असं ठरलं होतं. त्या वाटेवरून रात्री पेशंट नेणाऱ्या माणसाला 'खुणा दिसत नाहीत' हे उत्तर पुरत नाही. मी एवढंच म्हटलं की पुलाचा पाया पाण्याखाली होता, इथे सगळं सुटं होऊन टेबलावर पडलंय, जे मोजता येतं ते मोजून घेऊ. मिस्त्रींनी सरळ पट्टी लावून पाचही बेअरिंगची रांग तपासली. मग दादाला विचारलं, घाटात रात्री बंद पडायची भीती आहे ना, मग ती कशाने पडेल? ऑइल प्रेशर गेल्याने, तापल्याने नाहीतर पाणी आत गेल्याने. कमरपट्टा यातल्या एकाही वेळी कामाला येत नाही. पुढच्या पुरात तर मुळीच नाही. पाणी तेव्हाही दाबलं जाणार नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, नको. पण ते पैसे याच गाडीत जातील."

गेले. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे सगळे प्लग काढून गाळ तीनदा धुतला. तिसऱ्या वेळीही थोडा निघालाच, तेव्हा मिस्त्रींनी चौथ्यांदा धुतला. क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंग, वजन जुळवून नवा रॉड, नवा ऑइल पंप, रेडिएटर. हवा आत घेणारा पाइप टपाच्या उंचीपर्यंत वर नेला, त्यामुळे जिप्सी आता उगाचच जंगल सफारीची वाटते. डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा बसवला. उरलेल्या पैशांत दोनच टायर आले, ते पुढे टाकलेत. मागचे दोन दिवाळीनंतर.