नाम आणि रूप : ज्यूरा पर्वतातील घड्याळांच्या गावी

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याकडील प्रवाशांच्या डोळ्यांपुढे हिमाच्छादित शिखरे, निळी सरोवरे आणि कुरणांत चरणाऱ्या गाई उभ्या राहतात, आणि बहुतेक मंडळी तेवढेच पाहून परततात. त्या देशाच्या वायव्य सीमेवर, फ्रान्सला लागून, ज्यूरा नावाची पर्वतराजी आहे. तिच्यात हिमनद्या नाहीत आणि विख्यात शिखरेही नाहीत. तथापि ज्या वस्तूमुळे या देशाचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले, ते मनगटी घड्याळ याच डोंगरांच्या आश्रयाने वाढीस लागले. गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांकडे बाझल शहरी मुक्काम असता या पर्वतातील ला शो-द-फाँ हे गाव पाहण्याचा योग आला. सोबत आमचा पुतण्या होता. तेथे जे पाहिले आणि त्यावरून जे विचार मनात आले, ते वाचकांस सादर करीत आहे.

बाझलहून बील आणि बीलहून पुढे ला शो-द-फाँ असा आगगाडीचा मार्ग आहे. बील सोडल्यावर गाडी देवदारांच्या रानांतून चढू लागते. वाटेत सँतिमिए हे लहानसे गाव लागते. लाँजीन घड्याळांचा कारखाना येथलाच. या चढणीत पुतण्याने आपल्या छंदाची सर्व हकीकत सांगितली. ती येथे देणे अवश्य आहे, कारण पुढील विवेचनाचे मूळ तिच्यात आहे.

पुतण्या पुण्यास इंजिनीअर आहे. नामांकित घड्याळांच्या प्रतिकृती जमविणे व त्यांत फेरफार करणे हा त्याचा छंद. अशा हुबेहूब प्रतिकृती मुख्यतः चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून येतात. मूळ घड्याळास कित्येक लाख रुपये पडतात, तर प्रतिकृती काही हजारांत मिळते. सामान्य गिऱ्हाईक ती मनगटास बांधून मिरवतो. छंदिष्ट मनुष्य ती घरी आणताच उघडतो. पाठीमागील झाकण फिरवून काढावयाचे, चावीची दांडी सोडवून यंत्र बाहेर घ्यावयाचे, दोन इवल्याशा तरफांनी काटे उचलावयाचे, तबकडी सैल करावयाची. मग साध्या काचेऐवजी कृत्रिम नीलमण्याची काच बसवावयाची, काट्यांवर अंधारात उजळणारा लेप नव्याने द्यावयाचा, चक्रांच्या टोकांशी सुईच्या अग्राएवढे तेल सोडावयाचे, आणि तारीख बरोबर मध्यरात्री पालटेल अशा बेताने काटे पुन्हा लावावयाचे. शेवटी टिकटिक ऐकून चूक दर्शविणाऱ्या उपकरणावर घड्याळ ठेवून त्याची चाल जुळवावयाची. अहोरात्रात 86,400 सेकंद असतात. दिवसाकाठी पाच सेकंदांची चूक राहिली, तर ती 17,280 भागांत एक भाग झाली. एवढी अचूकता घरातील टेबलावर बसून साधणे ही सामान्य विद्या नव्हे, हे शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास मान्य करणे भाग आहे.

परंतु ती घड्याळे त्याने पुण्यासच ठेवली होती. 1 जुलै 2008 पासून स्वित्झर्लंडात असा कायदा आहे की, खोट्या नाममुद्रेची वस्तू स्वतःच्या उपयोगासाठी आणली असली, तरी जकातीचे अधिकारी ती जप्त करून नष्ट करू शकतात. त्यामुळे त्याच्या मनगटास त्या दिवशी त्याच्या वडिलांचे जुने एच. एम. टी. होते.

ला शो-द-फाँ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटर उंचीवर वसले आहे. वस्ती सुमारे 37,000. युरोपातील जुन्या गावांसारखे वाकडेतिकडे बोळ येथे नाहीत. 1794 साली लागलेल्या आगीत गावाचा बहुतेक भाग भस्मसात झाला, आणि पुढे त्याची रचना बुद्धिबळाच्या पटासारखी सरळ, समांतर रस्त्यांची करण्यात आली. इमारतींच्या मध्ये मोकळी जागा आणि खिडक्यांच्या लांब ओळी ठेवल्या, त्या कारागिरांच्या टेबलांवर भरपूर उजेड पडावा म्हणून. एक घर काटे करी, दुसरे तबकडी, तिसरे केसाएवढ्या बारीक कमानी. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कार्ल मार्क्सने या अवघ्या गावास घड्याळांचा एकच प्रचंड कारखाना मानता येईल असे म्हटले आहे. 2009 साली युनेस्कोने शेजारच्या ल लोक्ल या गावासह त्याचा जागतिक वारशात समावेश केला. चंदीगड नगरीचे शिल्पकार ल कोर्ब्युझिए 1887 साली येथेच जन्मले. त्यांचे वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिन्याचे काम करीत असत.

येथील घटिकाशास्त्राचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय 1974 साली बांधलेल्या, बहुतांशी जमिनीखाली असलेल्या इमारतीत आहे. आपल्याकडे लग्नघटी साधण्यासाठी घंगाळातील पाण्यावर छिद्राचे तांब्याचे पात्र सोडीत, आणि ते बुडाले की 24 मिनिटांची एक घटका भरे. अशा साध्या साधनापासून आजच्या सूक्ष्म यंत्रांपर्यंत मनुष्याने काळ मोजण्यासाठी केलेली खटपट पाहता पाहता दुपार केव्हा टळली ते कळले नाही.

परंतु माझे मन एका निराळ्याच इतिहासाकडे ओढले गेले. आज नकलांविरुद्ध एवढे कडक कायदे करणारा हा देश एके काळी स्वतःच नकलांसाठी बदनाम होता. अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची खोटी नावे घातलेली पुष्कळ घड्याळे युरोप खंडातून बाहेर पडत; त्यांत स्विस घड्याळेही असत. पुढे अमेरिकेत यंत्रांच्या साहाय्याने उत्तम घड्याळे बनू लागली, तेव्हा त्यांच्याही स्विस नकला निघाल्या. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने लाँजीनचे झाक दाव्हीद अमेरिकेतील कारखाने पाहून आले, आणि आपल्या पद्धती सुधारल्या नाहीत तर धंदा बुडेल असा इशारा त्यांनी स्वदेशबांधवांस दिला. शोधांना संरक्षण देणारा पेटंटचा कायदा तर या देशात 1888 पर्यंत अमलात नव्हता.

नकलेचा जाच या प्रांताच्या सुपुत्रांसही चुकला नाही. 1747 साली नजीकच्या नशातेल येथे जन्मलेले ब्रेगे पॅरिसास जाऊन त्या काळचे श्रेष्ठ घटिकाकार झाले. त्यांच्या घड्याळांच्या इतक्या नकला होऊ लागल्या की, सुमारे 1795 पासून त्यांनी तबकडीवर अतिसूक्ष्म गुप्त स्वाक्षरी कोरण्यास आरंभ केला. ती तिरप्या उजेडातच दिसते. ला शो-द-फाँच्याच रोस्कॉफ यांनी 1867 साली मजुरांसही परवडावे असे 20 फ्रँकांचे घड्याळ बाजारात आणले, तेव्हा 'रोस्कॉफ पद्धतीचे' म्हणविणारी घड्याळे अनेकांनी काढली.

मग अनुकरण सर्वथा निंद्य म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. याच गावी सेलिटा नावाचा कारखाना आहे. ग्रेनशेन येथील एटा या कारखान्याचे '2824' हे यंत्र जगभर वापरले जाते. त्याची रचना जुनी असून तिच्यावर आता कोणाचा मालकी हक्क उरलेला नाही. सेलिटाने तिच्याच बरहुकूम आपले यंत्र बनविले, 25 च्या जागी 26 माणके बसविली, आणि त्यास स्वतःचे नाव दिले. यास कोणी चोरी म्हणत नाही. वेदान्तात नाम आणि रूप असे दोन विभाग करतात. येथे तोच विवेक उपयोगी पडतो. रूपाचे अनुकरण हा विद्याभ्यासाचा जुना मार्ग आहे. मी स्वतः हजारो मुलांकडून कित्ते गिरवून घेतले. पण गिरविलेल्या कित्त्याखाली गुरुजींची सही ठोकणाऱ्या मुलास शाळेत शिक्षाच होत असे.

हा विचार मी पुतण्यापुढे मांडला, त्यास कारण होते. त्याच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या दादांचे, सहस्रचंद्रदर्शन जवळ आले होते, आणि त्या प्रसंगी देण्यासाठी त्याने एका विख्यात पेढीच्या नावाची प्रतिकृती महिनाभर खपून सिद्ध केली होती.

"काका, ते विकायचे थोडेच आहे? माझी मेहनत तर खरी आहे ना?" तो म्हणाला.

मी म्हटले, "खरी आहे, म्हणूनच विचारतो. दादा ते घड्याळ चार लोकांना दाखवतील. त्यांच्यामागे ते नातवाकडे जाईल. उद्या अडीअडचणीला तो ते पेढीवर घेऊन गेला, आणि तिथल्या माणसाने भिंगातून पाहून हसून परत केले, तर तो आजोबांना काय समजेल? आणि तुझी मेहनत तर परक्याच्याच नावावर जमा होईल."

त्याने उत्तर दिले नाही. परतीच्या गाडीत सँतिमिएपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. पुण्यास गेल्यावर मात्र त्याने ती तबकडी काढून टाकली, पांढरी कोरी तबकडी बसविली, नाममुद्रा असलेले इतर भागही बदलले आणि झाकणाच्या आतल्या बाजूस स्वतःचे नाव व वर्ष कोरून घेतले. समारंभाच्या दिवशी घरातील काही मंडळींस ते घड्याळ फार साधे वाटले, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले. दादांनी ते कानाशी धरले, कोणी केले ते विचारले, आणि मुलाचे नाव ऐकल्यावर जुने घड्याळ काढून ते बांधले. चार महिने झाले, ते रोज वापरात आहे.

ज्या घरांतील तरुणांस असा छंद असेल, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांस दटावू नये, अशी माझी सूचना आहे. हाताला सूक्ष्म कामाची सवय लागणे हा मोठा लाभ आहे. तबकडीवर कोणाचे नाव आहे, एवढे मात्र अवश्य विचारावे. आणि पैशांसाठी अशी घड्याळे विकू लागल्यास आपल्या देशाच्या 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये तो गुन्हा होतो, हेही समजावून द्यावे.

युरोपात जाणाऱ्या वाचकांनी ला शो-द-फाँसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. संग्रहालय सोमवारी बंद असते. डोंगरात हवा थंड असते, तेव्हा उन्हाळ्यातही एखादे लोकरीचे वस्त्र जवळ असावे.