माझ्या मनांत काय आहे?

फिलिपीन्स देशांत कोणी तरुण ‘मी मानसशास्त्र शिकतों’ म्हणाला कीं, समोरचा हंसून विचारतो, ‘मग सांग पाहूं, माझ्या मनांत काय आहे?’ परचित्तज्ञान ही पतंजलींनीं योग्यांची सिद्धि म्हणून सांगितली आहे. ती चार वर्षांच्या पदवीनें लाभावी, ही अपेक्षा आम्हांस फारच उदार वाटते! दुसरे कित्येक या पदवीकडे वैद्यकाची पायरी, नाहीं तर कचेऱ्यांतून माणसें नेमण्याच्या नोकरीची सोय म्हणून पाहतात.

परंतु ही थट्टा कित्येकदां निव्वळ थट्टा नसते. तेथें वेड्यास ‘बालिव’ म्हणतात. मनोवैद्याच्या दारीं गेल्यास तो शब्द आपणांस चिकटेल ही धास्ती. त्यांत ‘हिया’, म्हणजे लोकलज्जा. तेव्हां दुःख घरच्या विद्यार्थ्यापुढेंच, हंसण्याच्या मिषानें, बाहेर पडतें. त्या बिचाऱ्यास अधिकार तो काय? २०१० सालीं मंजूर झालेल्या कायद्याप्रमाणें पदवीधरास परीक्षेनंतर मनोमापनाचा परवाना मिळतो, आणि तेंहि काम मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं. स्वतः मानसशास्त्रज्ञ व्हावयास एम्. ए. पाहिजे. २०१८ सालीं मानसिक आरोग्याचाहि कायदा झाला. पण जेवणें आटोपल्यावर मावशी हळूच ‘मला झोप येत नाहीं रे’ म्हणाली, तर त्या पोरानें काय करावें? आम्ही म्हणतों, त्यानें निदान सांगूं नये; मुकाट्यानें ऐकावें, आणि दुसरे दिवशीं तिच्यासवें दवाखान्यापर्यंत चालत जावें.